मडक्यातले पाणी

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांची सून बसली होती. सुनेच्या मांडीवर एक काळेभोर मडके होते. त्याची झिलई एका बाजूने पार उडाली होती.

"मीनल, ती दुरुस्तीवाली बाई झिलई परत आणेल ना?"

"आल्झो... म्हणजे, एकदा बघते म्हणाली, बाबा. खात्री नाही दिली."

"मग न्यू मेक्सिकोच्या त्या कुंभारणीला विचार."

"विचारलं. तिच्या प्वेब्लो जमातीत मडकं भाजण्याआधीच दगडाने घोटून झिलई आणतात. तिच्याकडे अजून आजीचाच दगड आहे. पण एकदा भाजलं, की पुन्हा घोटता येत नाही."

"आजीचं, आईचं, तिचं. माझ्या लेकाने एकाच घरातल्या तीन पिढ्यांची मडकी जमवली, आणि मी नेमकं आजीचं नासवलं."

"पुरे ना, बाबा."

"हृषिकेश गेल्यावर त्याच्या फोटोपुढे दहा दिवस पाणी ठेवायचं होतं. घरात मातीचं तेवढंच दिसलं. पाण्याला भिणारं मडकं! असलं कधी ऐकलं होतंस?"

"हो. मला माहीत होतं."

"काय?"

"याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, असं त्याने आणलं त्याच दिवशी बजावलं होतं. तुम्ही तांब्या ओतत होतात, तेव्हा मी दारातच उभी होते."

"मग मला अडवलं का नाहीस गं?"

"तुम्ही त्याच्याशी बोलत होतात, बाबा. 'किती तहान लागली असेल रे तुला,' म्हणत होतात."