बाबांची गाठ

फौजी बापाकडून वेणी घालून घेतलीय का कोणी? मी घेतलीय! बाबा फौजेत दोरखंडाचे पूल बांधायचे. रिटायर होऊन मुलुंडला आले आणि नर्स असलेल्या आईची ड्युटी सकाळची, म्हणून माझ्या वेण्या त्यांच्याकडे आल्या. रिबिनीची गाठ अशी मारायचे, की दिवसभर खो-खो खेळा, हलायची नाही. वाट लागायची संध्याकाळी. आईला ती सुटायचीच नाही, शेवटी कात्री!

एकदा आई भडकलीच. "अहो, पोरीची वेणी आहे, पूल नाही!"

बाबा म्हणाले, "अगं, पुलावर माझी माणसं होती, तिथे गाठ सुटू दिली नाही. ही तर माझी पोर."

यंदा बाबा गेले. परवा मी माझ्या लेकीच्या वेण्या घातल्या. संध्याकाळी रिबीन सुटेना, तशी आईनं कात्री आणून दिली.