मायच्या गाण्यातली खरखर

तुम्ही दरवेळी विचारता, एवढा खपून घरी बनवलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर झाकून का ठेवलाय. आज ऐकाच.

तो मी बनवला एका कॅसेटसाठी. सारंगखेड्याला बहिणीच्या हळदीत आमच्या मायने म्हटलेली गाणी तिच्यात आहेत. पुढच्याच महिन्यात माय गेली. काही दुखणं नव्हतं, चालतीबोलती गेली, असंच आम्ही सगळ्यांना सांगत आलो.

त्यावर पहिल्यांदा कॅसेट लावली, तर माय समोर बसून गातेय असा आवाज! पण दर ओळीनंतर बारीक खरखर. जुन्या टेपरेकॉर्डरवर ती कधी ऐकू आली नव्हती, म्हणजे चूक माझ्याच कामात. प्रीअ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह बदलले, अर्थिंग नव्याने केलं, सगळं सोल्डरिंग उकलून पुन्हा केलं. पंधरा दिवस गेले, खरखर तशीच.

बायको नर्स आहे, तुम्हाला माहीतच आहे. ती दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "बंद करा ते. मशीनमा काहीच खराबी नही शे."

"मंग हाई काय वाजी ऱ्हायनं?"

"मायले दम लागी ऱ्हायना."

मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात गाणं संपलं. माय म्हणाली, "बस आते, भाऊ." त्यावर एक खणखणीत आवाज आला. माझाच.

"काय माय, इतलामाच थकनी? आखो एक म्हन!"

आणि मायने आणखी एक अख्खं गाणं म्हटलं.