चारच्या आत आवाज भरायचा

(सासूबाई संगणकासमोर, सासरे शेजारच्या खुर्चीत, जावई फोनच्या स्पीकरवर.)

सासूबाई : काळी खिडकी उघडली, जावईबापू. आत नुसती एक पांढरी काडी लुकलुकतेय. पुढे?

जावई : तिथेच टाइप करायचं, आई. एस, यू, डी, ओ. मग एक जागा सोडा.

सासूबाई : हे काय असतं?

जावई : मालकाच्या हुकमावरून, असं सांगायचं. त्याशिवाय संगणक बाहेरचं काही आत घेत नाही.

सासरे : मग काही अडचण नाही. हुकूम तिचाच चालतो.

सासूबाई : तुम्ही गप्प बसा. डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितलाय.

सासरे : उद्या सकाळी स्वरयंत्र कापूनच काढणार आहेत ना? भाड्याची सायकल परत करायच्या दिवशी कुणी पुसत बसतं का?

जावई : जपाच, बाबा. तुमची गाण्यातली गोष्ट फोनवर ऐकल्याशिवाय तुमची नात डोळा मिटत नाही. उद्यापासून मी गायला लागलो तर शेजारी घर सोडून जातील.

सासूबाई : पावणेतीन झाले. दवाखान्याची गाडी चारला येणार. माझ्या फोनवर नसतं का झालं?

जावई : तुमचा फोन बटणांचा, त्यात दोन मिनिटांवर काही मावत नाही. संगणकात रेकॉर्डर बसवला की बाबा तासभर गाऊ देत. आता लिहा, ए, पी, टी. जागा. इन्स्टॉल. जागा. मग मघाशी कागदावर उतरवलंत ते रेकॉर्डरचं नाव. एंटर.

सासूबाई : पासवर्ड मागतंय. अहो, काय ठेवलाय?

सासरे : सरक, मी टाकतो.

सासूबाई : तुम्हाला कळा शोधायलाच चार वाजतील. सांगा.

सासरे : मला बोलायला मनाई आहे.

सासूबाई : आत्ता सायकल परत करताना नव्हती का मनाई?

सासरे : ...बिनडोकमेहुणा. सगळं जोडून. इंग्रजी अक्षरांत.

सासूबाई : माझ्या भावाला?

सासरे : मला मेहुणा एकच आहे.

जावई : आई, मी काही ऐकलेलं नाही.

सासूबाई : अहो, परवा तुमच्यासाठी रक्त देऊन आलाय तो!

सासरे : म्हणून तर बदलणार होतो. कसा बदलतात तेच आठवेना.

सासूबाई : तुमच्याकडे नंतर बघते. पण हे मेलं उमटतच नाहीये! एक अक्षर दिसेल तर शपथ. चार वेळा मारलं.

जावई : एकापुढे एक? आई, ते दिसत नाहीच. मागून कुणी वाचू नये म्हणून.

सासूबाई : तुमच्या सासऱ्यांनी गल्लीला ऐकू जाईल असा सांगितला, आता लपवतंय कुणापासून? बघा, चुकला म्हणतंय.

सासरे : चार मेहुणे एकदम कुणाला पेलतील?

जावई : एकदाच मारा. काही दिसलं नाही तरी ते पोचतंय असं समजा.

सासूबाई : जन्मभर देवाशी तसंच बोलतेय की. ...हं. घेतलं. पुढे जाऊ का, म्हणून विचारतंय. या घरात मला इतक्या नम्रपणे कधी कुणी विचारलं नाही.

जावई : वाय दाबा. एंटर.

सासूबाई : धावल्या ओळी! देवा, नेट तेवढं टिकव. बाकीचं मी बघते.

सासरे : त्याच्याकडे नेट मागतेस? माझा गळा मागायचा राहिला तो.

सासूबाई : मागून झाला. नाही म्हणाला. म्हणून तर हा खटाटोप.

जावई : ...थांबल्या का ओळी?

सासूबाई : थांबल्या. काडी परत लुकलुकतेय.

जावई : म्हणजे बसला! उघडा आणि तो लाल गोळा दाबा. मी फोन ठेवतो, नाहीतर माझाही आवाज त्यात यायचा. बाबा... उद्या सकाळी आम्ही तिघंही पोचतो.

सासरे : ठेवा, ठेवा. रडका आवाज भरायचा नाहीये.

सासूबाई : दाबला. चालू झालं.

सासरे : कुठली घेऊ आधी? हत्तीची, की देव जत्रेत हरवतो ती?

सासूबाई : त्या मागाहून. आधी मला हाक मारा.

सासरे : समोर तर बसलीयस.

सासूबाई : मारा म्हणते ना.

सासरे : अगं... ऐकलंस का?

सासूबाई : अशी मऊ नको. नेहमीसारखी मारा, वैतागून.