अक्काने मऊ केलेले बूट

तुझी लेक नवे बूट चावतात म्हणून रडतेय ना? मग माझ्या बुटांचं ऐक.

मी जळगावला फिगर स्केटिंग शिकायचे. चाकांवरचं हं, आपल्याकडे बर्फ फक्त उसाच्या रसात! सरांनी बाबांना बजावलं होतं, "वाढता पाय आहे म्हणून मोठे घेऊ नका, घट्टच हवेत." बूट आले ते लाकडासारखे कडक. पहिल्याच दिवशी माझ्या टाचांना फोड.

माझी आत्या, अक्का, आमच्याकडेच राहायची. चोपड्याकडे केळीच्या बागेत अनवाणी वाढलेली. आमच्या दोघींच्या पायाचं माप एकच. "पोरले कशाले तरास? मना पाय चामडानाच शे," म्हणाली, आणि बाबांकडून चाकं काढवून बूट स्वतःच घातले. लुगड्याखाली ते पांढरे उंच बूट घालून ती भरताची वांगी भाजायची, गच्चीवर पापड वाळत घालायची. शेजारी हळदीकुंकवालाही तशीच गेली.

बूट मऊ झाले. सरांनी आत हात घालून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो अक्का, हे बूट ज्याच्या पायात मऊ होतात, त्याच्याच पायाचे होतात! अंगठ्यापाशी तुमचं हाड उमटलंय."

"मंग चांगलंच शे," अक्का म्हणाली. "पडनी ते मी शेच ना तिना संगे."

अक्काला जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा माझ्या लेकीने माळ्यावरचे ते बूट काढले, पाय घातला आणि ओरडली, "आई, यात कुणाचा तरी पाय राहिलाय गं!"