सातव्या फेरीतला टॉवेल

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर द्युरिश, आपल्या शाळेच्या सर्व सिस्टर, समितीचे चिटणीस रुडी पावलिक, आजचे सत्कारमूर्ती श्री. मेथोद गोंबार, त्यांच्या शेजारी बसून दर दोन मिनिटांनी त्यांचा टाय सरळ करणाऱ्या ऑलगाकाकू, आणि समोर बसलेल्या माझ्या मिलर्स बेंडच्या लहानथोर मंडळींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

रुडींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. स्वयंपाकघरातून कोबीच्या भरल्या पानांचा वास यायला लागलाय, त्यामुळे प्रत्यक्षात सातच मिळतील हे मी जाणून आहे. रुडींनी आणखी एक सूचना केली आहे. ती त्यांनी माझ्या कानात केली, पण त्यांचा आवाज असा आहे की मागच्या रांगेतही पोचली असेल. ‘हेर्मिना, आजच्या दिवशी तेवढा टॉवेलचा विषय काढू नकोस.’

रुडी, समितीने घरोघर वाटलेल्या निमंत्रणपत्रिकेवर बॉक्सिंगच्या हातमोज्यांच्या शेजारी काय छापलंय? टॉवेलच ना?

असो. त्याच्याकडे येतेच. आधी मेथोदकाका.

चौदा वर्षं हे गृहस्थ शाळेच्या कोपऱ्यावर हातात ‘थांबा’ लिहिलेला फलक घेऊन उभे राहिले. पाऊस, बर्फ, कशाचीही पर्वा केली नाही. कालच्या शुक्रवारी त्यांनी तो फलक परत केला. ड्रायव्हर कितीही चिडला, हॉर्न वाजवला, तरी मेथोदकाकांनी कधी कुणाला कारण सांगितलं नाही. फलक वर करायचे आणि उभे राहायचे. सहा फूट दोन इंचांचा माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहिला की कारण कोण विचारणार? मुलांना मात्र ते ओळीने नावानिशी हाका मारत. माझ्या नातीला त्यांनी एकदा विचारलं, “काय ग मोनिका, गृहपाठ झाला?” ती म्हणाली, “काका, तुम्ही पोलीस आहात की आमच्या बाई?” काका म्हणाले, “मी भिंत आहे. चल, पळ.”

त्या आधी तीस वर्षं ते पोलादाच्या कारखान्यात क्रेनवर होते. वितळलेल्या पोलादाची बादली माणसांच्या डोक्यावरून नेण्याचं काम. तीस वर्षांत खाली एक थेंब सांडला नाही. हे मी सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या डोक्यावरून ती बादली गेली, ते इथे बसलेत आणि त्यांची डोकी जागेवर आहेत.

आणि त्याही आधी ते आपले हेवीवेट बॉक्सर होते. एक्केचाळीस विजय. आजच्या मुलांना खरं वाटत नाही, पण त्या काळी काका लढणार असले की या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गावातला एकमेव मोठा टेलिव्हिजन लागायचा आणि आग लागली असती तरी कुणी उठलं नसतं.

लढती शुक्रवारी असत. इथे तरुण मंडळींना एक सांगायला हवं. तेव्हा आपण कॅथलिक लोक वर्षातला प्रत्येक शुक्रवार पाळायचो. मांस वर्ज्य. त्यातून मेथोदकाकांच्या आई, झुझाना आजी, म्हणजे गावातलं शेवटचं न्यायालय. शुक्रवारी त्यांच्या घरात सॉसेजचं नाव काढलं तरी पळी डोक्यात बसायची. आता हेवीवेट माणसाने लढतीच्या दिवशी स्टेक खायचं असतं म्हणे. काकांचा मॅनेजर हॉटेलात स्टेक मागवायचा आणि काका ताट सरकवून द्यायचे.

“अरे घोड्या, समोरचा माणूस अर्धा बैल खाऊन येणारय!”

“आज शुक्रवार आहे.”

“पोपना इथलं काय कळणार?”

“पोपना नाही कळणार. आईला कळेल.”

आणि मग हलुश्का, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्या, आणि चीज खाऊन हा माणूस रिंगणात उतरायचा आणि अर्धा बैल खाल्लेल्यांना झोपवायचा. हसू नका काका, तुमच्याबद्दलच बोलतेय.

रिंगणाच्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी बादली, स्पंज आणि टॉवेल घेऊन कोण असायचं? माझे वडील, इमरिख बेन्यो. आठवडाभर ते चर्चसमोरच्या दुकानात न्हावीकाम करायचे आणि लढतीच्या दिवशी काकांच्या कोपऱ्यात उभे राहायचे. जखमेतून रक्त कसं थांबवायचं हे न्हाव्याइतकं कुणाला कळतं?

नोव्हेंबर १९५३. पिट्सबर्गमध्ये कॅल्विन ट्रेडवेलशी लढत. जिंकलो असतो तर पुढची पायरी अजिंक्यपदाची. मी तेरा वर्षांची होते आणि याच हॉलमध्ये, ती खिडकी आहे ना, तिच्याखाली खुर्चीवर उभी होते. सहा फेऱ्या झाल्या. काका गुणांवर पुढे. गाव नाचत होतं. सातव्या फेरीची घंटा झाली. काका उठले, दोन पावलं चालले, एकही ठोसा बसला नव्हता, आणि पडद्यावर काहीतरी पांढरं उडालं.

कोपऱ्यातून टॉवेल पडला की लढत संपते. पंचांनी ट्रेडवेलचा हात वर केला.

त्यानंतर या हॉलमध्ये काय झालं ते मी सांगत नाही. टेलिव्हिजनवर उकडलेलं अंडं कुणी मारलं तेही सांगत नाही. ते गृहस्थ आज व्यासपीठावर आहेत. रुडी, पाणी प्या.

दुसऱ्या दिवशी वडील परत आले. दुकानासमोर सगळे जमलेले. वडील म्हणाले, “काय सांगू? न्हाव्याची सवय. केस झटकावेत तसा टॉवेल झटकला, हातातून सुटला.” एवढंच. तेव्हापासून मरेपर्यंत ते गावाचा विनोद होऊन राहिले. खुर्चीत बसणारा प्रत्येक जण म्हणायचा, “इमरिख, अर्धी हजामत झाल्यावर टॉवेल टाकू नकोस रे बाबा.” वडीलही हसायचे.

मी हसत नव्हते. शाळेत मुली माझ्यासमोर हातरुमाल टाकायच्या. एकदा मी वर्गात रडले. सिस्टर युफ्राझियांनी, ज्यांच्या पट्टीची खूण या हॉलमधल्या निम्म्या तळव्यांवर असेल, त्यांनी सगळ्या वर्गाला उभं केलं आणि विचारलं, “दर शनिवारी फादरांच्या गळ्यावरून वस्तरा कोण फिरवतं?” मुली म्हणाल्या, “बेन्यो.” “फादर जिवंत आहेत?” “हो, सिस्टर.” “मग तो हात चुकतो का? बसा खाली.”

मला वाटलं, सिस्टर माझी समजूत काढतायत. त्या एकट्याच खरं बोलत होत्या, हे मला सव्वीस वर्षांनी कळलं.

१९७९ साली, शेवटच्या आजारात, वडिलांनी मला जवळ बसवून सांगितलं. सहावी फेरी संपता संपता ट्रेडवेलचा एक ठोसा मेथोदकाकांच्या कानामागे बसला होता. कुणाच्या लक्षात आला नाही. काका कोपऱ्यात येऊन बसले. डोळे स्वच्छ, श्वास ठीक. वडिलांनी तोंडावर स्पंज फिरवला. काका हसून म्हणाले, “इमरिख, आईला सांग, आज सूपमध्ये सॉसेज जास्त घाल. फार भूक लागलीय.”

वडिलांनी विचारलं, “मेथोद, आज वार कोणता?”

“शुक्रवार की.”

“आणि सॉसेज?”

“दोन घाल म्हणावं.”

मंडळी, डॉक्टरांनी वार विचारला असता तर काका पास झाले असते. दुसऱ्या कुठल्याही गावचा माणूस कोपऱ्यात असता, तर म्हणाला असता, गडी भुकेला आहे, चांगलं लक्षण आहे! वडील मला म्हणाले, “हेर्मिना, शुक्रवार आठवतोय आणि झुझानाबाई आठवत नाही, असा मेथोद मी कधी पाहिला नव्हता. डोक्यात काहीतरी हललं होतं. तेवढ्यात घंटा झाली. मग मी टाकला.”

मी चिडले. म्हटलं, “मग गावाला सांगितलं का नाही? इतकी वर्षं विदूषक होऊन का राहिलात?”

ते म्हणाले, “काय सांगू? मेथोदचं डोकं हललं होतं? डोकं हललेल्या माणसाला क्रेनवर कोण चढवेल? त्याने पोट कशावर भरायचं? लोक मला हसले, त्याने माझा वस्तरा काही बोथट झाला नाही. तो क्रेनवर आहे तोवर गप्प राहा.”

मी गप्प राहिले. कारखाना बंद झाला, वाटलं, आता सांगावं. तर काकांनी फलक घेतला. आता रस्त्यावरून मुलं नेणाऱ्याचं डोकं हललं होतं असं कसं सांगणार? आणखी चौदा वर्षं गेली. काल तो फलक परत झाला, आणि आता या माणसाची कुठलीच नोकरी माझ्या बोलण्याने जाणार नाही. म्हणून आज बोलले.

भिंतीवर जे झाकून ठेवलंय, ती कांस्याची पाटी जेवणानंतर उघडायची आहे. तिचा मजकूर समितीच्या बैठकीत वाचला गेला तेव्हा मी हजर होते. शेवटची ओळ होती, ‘ट्रेडवेलविरुद्धची लढत कोपऱ्यातल्या माणसाच्या चुकीमुळे गमावली.’ मी हात वर केला होता. पण आम्हाला सिस्टरांनी शिकवलंय, नाव घेतल्याशिवाय बोलायचं नाही, आणि माझं नाव कुणी घेतलं नाही. पाटी बदला असं मी म्हणत नाही. ओतलेलं कांस्य आता कोण बदलणार? तुम्ही टाळ्या वाजवण्याआधी माझ्या वडिलांची बाजू ऐकावी, एवढीच इच्छा होती.

काय म्हणालात काका? मोठ्याने बोला.

कसलं सूप? कोबीचं! तुमच्या आईंचं, दुसरं कसलं?

ऐकलंत सगळ्यांनी? मागे ऐकू आलं नसेल तर सांगते. काका म्हणतायत, “शुक्रवारी मी सॉसेज मागितलं? दोन? मग इमरिखने टॉवेल काय, बादलीच फेकायला हवी होती!”

काका, बसा. अहो, कुठे निघालात? ऑलगाकाकू, धरा त्यांना. काका, पाटी जेवणानंतर उघडायचीय, फादर उघडणार आहेत... घ्या. ओढलंच कापड.

माझा चष्मा कुठेय? मीच वाचू? बरं. ‘मेथोद गोंबार, हेवीवेट. एक्केचाळीस विजय, सहा पराभव.’ पुढे... ‘ट्रेडवेलविरुद्धची लढत सातव्या फेरीत इमरिख बेन्यो यांनी थांबवली.’

थांबवली.

रुडी, हे तुम्ही...? नाही? मग कुणी? काका म्हणतायत, ओतारखान्यातून त्यांना फोन आला होता, नावाचं स्पेलिंग तपासायला. स्पेलिंग बरोबर होतं, एक ओळ चुकली होती, ती त्यांनी दुरुस्त करून घेतली.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? कधीपासून, काका?

क्लीव्हलंडला गेल्यापासून. मंडळी, तुम्हाला माहीत आहे, काका दर वर्षी ऑलगाकाकूंच्या हातची अक्रोडाची गोड गुंडाळी घेऊन ट्रेडवेलना भेटायला जायचे. पहिल्यांदा गेले ते १९६४ साली. ट्रेडवेल त्या रात्री जिंकले, नंतर आणखी अकरा मोठ्या लढती लढले. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांना स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नव्हती. काकांनी लावून दिली.

आता मला एक गोष्ट कळतेय. त्याच वर्षीचा एक शनिवार. वडील दुकान बंद करून घरी आले, टोपी काढली आणि आईला म्हणाले, “आज मेथोदने टॉवेलवरून चेष्टा केली नाही. हजामत झाली, उठला, टॉवेल स्वतः झटकला, चार पदरी घडी घातली आणि माझ्या हातात दिला.” आई म्हणाली, “मग? त्यात काय?” वडील म्हणाले, “काही नाही.” आणि त्या रात्री त्यांनी दोनदा सूप मागून घेतलं.

त्यांना कळलं होतं. तुम्हालाही कळलं होतं. दोघं पंधरा वर्षं दर शनिवारी समोरासमोर बसलात आणि एक अक्षर बोलला नाहीत! आणि मी वेडी, आजवर एकटीच ओझं वाहत होते.

बघा, बघा तरी. पाटीवरच्या कापडाची घडी घालतायत. चार पदरी.

स्वयंपाकघरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्यात, म्हणजे पानं वाढायची वेळ झाली. फादरांनी मला बोलू दिलं, समितीने पाटी केली, ओतारखान्याने फोन केला, ऑलगाकाकूंनी हा माणूस इतकी वर्षं इतका नीट ठेवला, त्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुठे माझा हात सुटला असेल, तर बेन्योंची ती घराण्याची सवय आहे असं समजून सांभाळून घ्या.