चोर पकडणारा भाऊ

...नाही, खात्याला मी दोष देत नाही. देश म्हटला की सीमा आली, सीमा म्हटली की खातं आलं, आणि खातं म्हटलं की माणसानं सकाळपासून उपाशीपोटी त्या जमिनीला ठोकलेल्या खुर्च्यांवर बसायचं हेही आलंच. खुर्च्या का हो ठोकल्यात, म्हणून विचारलं, तर दारावरचा शिपाई म्हणतो, "सुरक्षेचा प्रश्न आहे." आता तुम्हीच सांगा, खुर्ची काखोटीला मारून पलीकडच्या देशात कोण पळून जाणार आहे? पण असेल बुवा. त्यांच्या कुत्र्यानं मला पायापासून वरपर्यंत हुंगलं आणि जांभई दिली. इतका अपमान माझ्या सासऱ्यांनीसुद्धा केला नव्हता.

तर काय सांगत होतो... ताई. माझी थोरली बहीण. ती लग्न होऊन पलीकडे गेली तेव्हा सीमा म्हणजे रस्त्यावर एक आडवा बांबू होता, तुम्हाला सांगतो, "बहिणीकडे चाललोय" म्हटलं की बांबूवाला बांबू वर करायचा आणि वर म्हणायचा, "ताईंना नमस्कार सांगा." बरं, नमस्काराचं मी वाढवून सांगतोय, पण बांबू मात्र खरंच वर करायचा. आता भाऊजी गेले, ताईचे गुडघे गेले, मूलबाळ नाही, आणि बांबूही गेला. त्या जागी भिंत, भिंतीला लागून खातं, आणि खात्याची पाटी अशी की दारापेक्षा लांब. पण त्या पाटीखाली एक चांगला नियम आहे हं, एकट्या पडलेल्या बाईचा इकडे सख्खा भाऊ असेल, तर तिला कायमचं इकडे येऊन राहता येतं. झालं! बायकोनं मागची खोली रंगवून घेतली, ताईच्या गुडघ्यांना चढउतार नको म्हणून सुताराकडून पलंगाचे पाय कापून घेतले, आता तो पलंग इतका बुटका झालाय की आमचं मांजर त्याच्याकडे वरून बघतं.

कागद सगळे होते. पण कागदावर खात्याचा विश्वास नाही, कागद काय कुणीही करून आणतं. मग त्यांची पद्धत अशी, की भावाला भिंतीच्या या अंगाच्या खोलीत बसवायचं, बहिणीला त्या अंगाच्या, दोघांना एकाच वेळी एकच प्रश्न विचारायचा, आणि उत्तरं जुळली की नातं खरं. खात्याला मी दोष देत नाही, डोकं लावलंय कुणीतरी.

फक्त त्यांची आमच्या घराण्याशी ओळख नव्हती.

निघताना बायको म्हणाली, "एक ऐका माझं, निदान तिथे तरी खरं बोला, हवं तर पाया पडते." आता तुम्ही मला ओळखता, मी कोपऱ्यावरून दूध आणायला गेलो तरी येताना वाटेत वाघ भेटलेला असतो. पण ताईचा प्रश्न. म्हटलं, आज नाही. आज जिभेला कुलूप.

समोर मॅडम. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हसू त्याच्याही खाली कुठेतरी पडून हरवलेलं. शपथ घातली आणि म्हणाल्या, "कपाळावर ही खूण कसली?"

अहो, ही खूण! ही खूण तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. मी लहान, घरात चोर शिरले, एकाच्या हातात पहार, मी त्याचा पाय धरला तो सोडला नाही, त्यानं मला अंगणभर फरफटवलं, कपाळ फुटलं पण चोर पकडला गेला. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चोर एक होता, माझ्या लग्नापर्यंत तीन झाले. आणि दर वेळी, चारचौघांत, सासरच्या मंडळींसमोरसुद्धा, ताई ठसक्यात म्हणणार, "कसला चोर नि कसलं काय! न्हाणीघरात साबणावरून घसरला मेला."

मी आयुष्यभराची कमाई अशी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मॅडम, साबण. घसरलो."

बाहेर आलो, तर जाड काचेपलीकडे ताईही बाहेर आलेली, काठी टेकत, आणि चेहरा असा उजळलेला की जणू तिनंच चोर पकडलाय. तिनं मला हातानं खूण केली, फत्ते. मीही केली, फत्ते. काचेमुळे बोलता येत नाही. दोघं दोन देशांत उभे राहून हसतोय.

मग निकाल. जुळलं नाही.

तिचा फोन आला तेव्हा कळलं. तिनं चोर सांगितले होते. चार. एक तिनं प्रेमानं वाढवला. म्हणाली, "अरे, जन्मभर तुला खोटं पाडलं, म्हटलं आज सरकारपुढे तरी माझ्या भावाची मान खाली जायला नको. आणि खरं बोलायला तुला आजचाच दिवस सापडला होय रे?" मग हळूच म्हणाली, "पलंग कापलास का रे खरंच?" कापला गं, म्हटलं.

धावत मॅडमकडे गेलो. म्हटलं, मॅडम, चोरांची गोष्टही माझीच, कुणालाही विचारा. तर म्हणतात, "मघाशी शपथेवर साबण, आता चोर? आणि साबणावरून काय, कुणीही घसरतं. बाईंचं बघा, किती बारकावे, पहारेची लांबीसुद्धा सांगितली, सांगताना डोळे भरून आले त्यांचे. त्यांना सख्खा भाऊ आहे आणि तो इकडेच आहे, याबद्दल खात्याला शंका नाही. फक्त तो तुम्ही नाही. चोर पकडणारा तो भाऊ हजर करा, बाईंना त्याच दिवशी सोडतो."

आता ज्याला आयुष्यभर घरोघरी नेऊन दाखवला, तो नेमका आज कुठून आणू? पलंग पडलाय, त्यावर मांजर झोपतं. ताई फोनवर गुडघ्यांचं विचारलं की "बरे आहेत" म्हणते, आणि आता मला कळतं, वाढवून सांगायला ती माझ्याकडूनच शिकली.

पण खात्याला मी दोष देत नाही. दोघांतून एक भाऊ निवडायचा असता, तर मीही त्यालाच निवडला असता.