अमृत विकणे आहे

नाही नाही, तिरका करू नका — हात काढा आधी — माफ करा, जरा मोठ्यानं बोललो, पण तिरका नाही करायचा त्याला, तळाचा गाळ वर येतो आणि मग दोन दोन दिवस निवळत नाही. बसा की. चपला असू द्या — नाही, काढाच, ती आल्यावर ठसे दिसतील. मोबाइलवरची जाहिरात बघून आलात ना? तोच हा. घरी पांढरी वाइन करायचा संच, जारसकट, नळीसकट, वरच्या त्या बुडबुड्याच्या टोपणासकट. पांढरी नुसती म्हणायला, दिसते करडईच्या तेलासारखी. आमची मंडळी, लीला, सिद्धेश्वराला गेलीय, येईल तासाभरात, त्याच्या आत उचलायचं बघा. दोरी आणलीय? दोरी कशाला? स्कूटरवर पायात ठेवून नेणार — होटगी रोडपर्यंत, त्या खड्ड्यांतनं? बरं. बघू. पाणी घ्या, कालच नळाला आलंय.

आता विचारलंतच म्हणून सांगतो — नाही विचारलं? तरी सांगतो, घेणाऱ्याला माहिती पाहिजे. हा संच आमच्या जावयानं आणला. अनिमेष, कॅनडात असतो, आमची चेतना एकुलती एक. चेतनाला दिवस गेलेले, म्हणून मावसभावाच्या लग्नाला हा एकटाच आला, आणि येताना माझ्यासाठी हे खोकं. म्हणला, बाबा, तुम्ही रिटायर झालाय, हात रिकामे आहेत, तिकडं लोक घरीच करतात. आता मी जन्मभर कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क, सुपारीचं खांड खाल्लेलं नाही, आणि मला हे दारूचं खोकं. आत काय, तर द्राक्षाच्या रसाची मोठी पिशवी, दाट, पाकासारखा रस. इथं आपल्या नान्नजची द्राक्षं जगभर जातात आणि ह्यानं विमानातनं रस इकडं आणला, म्हणजे उलटीच गंगा की. पण जावयाचा मान. घेतलं आणि माळ्यावर टाकलं, परातीमागं.

मग ते व्हिसाचं झालं. लेकीच्या बाळंतपणाला आईनं जायचं, ही काय विचारायची गोष्ट आहे का? लीलानं डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, सगळी बॅग भरली — बाळासाठी एक मोराची सोलापुरी चादर पण, नवीकोरी. आणि उत्तर आलं, दोघांनाही नाही. कारण काय, तर तुम्ही परत मायदेशी जाल याची खात्री वाटत नाही. हिची खात्री वाटत नाही — अहो, ही माहेरी केमला गेली तरी दुसऱ्या दिवशी घरी हजर, म्हणते विरजण बिघडलं असेल. नातू झाला, फोनवर बघितला. बॅग तशीच भरलेली पलंगाखाली, आणि लीला बोलायचीच बंद झाली. भांडत पण नव्हती. चहात साखर नाही म्हणलं तर उठून साखर आणून द्यायची, गप. आमच्या घरात असं कधी झालेलं नाही.

तेव्हा मी खोकं खाली काढलं. वाइनसाठी नाही हो — काहीतरी करावं म्हणून, घरात कशाचा तरी आवाज व्हावा म्हणून. पाण्याच्या जारवाल्याकडनं हा मोठा जार आणला आणि तिच्यासमोर बसून पुस्तिका वाचू लागलो, इंग्रजीतनं मराठी करत. ऊबदार जागी ठेवा. वारं लागू देऊ नका. उजेड डोळ्यावर — म्हणजे उजेड थेट पडू देऊ नका. हलवू नका. जे जे लावाल ते आधी उकळून घ्या. रोज बघत राहा, पहिले काही दिवस जपा. आणि लीला, जी कितीतरी दिवस बोलली नव्हती, ती म्हणली, "अहो, हे तर बाळंतपणच आहे."

झालं. तिथनं माझा हात लागू दिला नाही तिनं. रस, पाणी, खोक्यातली यीस्टची पुडी, सगळं तिनंच जारात घातलं. पलंगाखालची बॅग ओढली. मोराची चादर काढली आणि जाराला गुंडाळली — एप्रिलात, बरं का, सोलापूरच्या एप्रिलात, बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायलंय आणि आत जार चादरीत, वर दुपटं. मी म्हणलं, लीला, ते ऊबदार म्हणजे त्यांच्या बर्फातलं ऊबदार असणार. तर म्हणते, छापलंय ना? जे छापलंय ते पाळायचं, हे तुम्हीच जन्मभर सांगितलंय मला. मग काय बोलता. तिसऱ्या दिवशी दुपारी असा फसफसला, की ते टोपण उडून पंख्याला लागलं आणि भिंतीवर फेस. मी घाबरून बाजूला, आणि ही पदर खोचून म्हणते, पोट धरलंय त्याचं. हिंग कालवला आणि जाराच्या पोटावर लावला — हा बघा, हा पिवळा डाग, तोच, जात नाही आता. ओव्याची धुरी दिली. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. आणि हसू नका, खरं सांगतो, रात्रीत शांत झाला. उन्हाचा कडाका उतरला म्हणून असेल, मला काय कळतंय त्यातलं.

मग बारसं. आता चेहरा असा करू नका, बारसं म्हणलं की आधी माझापण असाच झाला होता. तिकडं नातवाचं बारसं झालं, फोन मधेच बंद पडला, हिला पाळणासुद्धा ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणली, ह्याचं करू. आता प्रश्न असा की कानात कुर्र करायला आत्या पाहिजे. जार आमचा नातू धरला तर आत्या म्हणजे जावयाची बहीण, ती राहते पुण्यात. मुलगा धरला तर आत्या म्हणजे माझी बहीण विजयमाला, ती वळसंगला. वळसंग एसटीनं जवळ. म्हणून मुलगा ठरला. विजयमाला आली, टोपणाला तोंड लावून कुर्र केलं, आतनं बुडबुडा आला, बायका म्हणल्या, हुंकार दिला. नाव ठेवलं अमृत. आणि ते गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत पाळण्याखालनं बाळ द्यायचं असतं की नाही — अहो, भरलेला जार तो — शेजारच्या मायाक्काची कंबर धरली ती अजून धरलेलीच आहे. घुगऱ्या वाटल्या. कुणी हसलं का? एक पण बाई हसली नाही. सगळ्यांना व्हिसाचं ठाऊक होतं. मायाक्का तर झबलं घेऊन आली होती, आता ते जाराला कसं घालायचं, गळ्यात बांधलं.

चव? चव कोण घेईल? बारसं केलेल्याची चव घेतात होय? — बरं, एकदा घेतली. झाकणभर. ती झोपलेली असताना. कच्च्या चिंचेसारखी लागली, मागनं जरा गोड. पण दिवसभर मला त्या कोपऱ्याकडं बघवेना, संध्याकाळी जाऊन जरा पाठ थोपटली. ही माहिती तुमच्यापुरती ठेवा.

विकतोय कशाला म्हणता? सांगतो की. परत अर्ज केला होता. आता आला व्हिसा — तिचा. माझा नाही. तिची खात्री पटली त्यांना, माझी नाही, असो, मी काय, मी इथं दूध-भात खाऊन राहीन. येत्या शुक्रवारचं तिकीट आहे. आणि ही म्हणते, जाणार नाही. चेतना फोनवर रडली. म्हणली, आई, मी बाळ दाखवते आणि तू फोन त्या जाराकडं फिरवतेस. खरं आहे ते. मी समजावलं, रागावलो, विजयमालाला वळसंगहून बोलावलं, उपयोग नाही. काल दुपारी इथंच बसलेली, जिथं तुम्ही बसलाय तिथंच, जाराला टेकून. म्हणली, "तो मला ओळखणार आहे का? मी कोण त्याची, फोनातली बाई. हा तरी रोज माझ्याशी बोलला." आणि मग म्हणली, "आणि ह्याला कुणाच्या जिवावर टाकून जाऊ?" आता तुम्ही सांगा, काय करायचं माणसानं? म्हणून म्हणलं, जारच नको घरात. नसेल तर जाईल. काल ती उठून आत गेल्यावर तिथंच बसून फोटो काढला आणि जाहिरात टाकली.

तर तुमच्या घरी दिवसभर कुणी असतं का? मांजर वगैरे? कुलर थेट अंगावर नाही ना येत — नाही, सवय नाही त्याला. हल्ली बुडबुडे बंद झालेत, गप असतो, पण ते वयाचं आहे, तब्येत चांगली आहे. सकाळी पडदा ओढायचा, संध्याकाळी चादर नीट करायची, येता-जाता दोन शब्द बोलायचे, बाकी त्रास काही नाही. काय म्हणालात?

गटारात?

म्हणजे आतलं ओतून देणार. आणि जार पिण्याच्या पाण्याला. बरोबर आहे की, चार दिवसाआड पाणी येतं, जार लागतोच, तुमचं काही चुकलं नाही. कुठं ओतणार, इथंच, फाटकाजवळ? म्हणजे वजन कमी होईल स्कूटरला. हं.

नाही, मी ठीक आहे. थांबा जरा. काय विचारलं होतं हो तिनं? कुणाच्या जिवावर टाकून जाऊ. समोर मी बसलेलो. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती मलाच विचारत होती की — आणि मी काय केलं, तर तिला उत्तर द्यायचं सोडून मोबाइलवर जाहिरात दिली. आणि मला ओव्याची धुरी किती द्यायची तेसुद्धा माहीत नाही अजून, कधी हात लागू दिला नाही म्हणून मी पण कधी लावला नाही.

उठा. नाही, विकायचा नाही. दोरी घ्या ती तुमची. पैशाचं नाही हो, दुप्पट दिलेत तरी नाही, पाण्याचे जार पुढच्या चौकात मिळतात, नवे. फाटकाची कडी वाजली — आली ती. तुम्ही कोण विचारलं तर काही सांगू नका, नमस्कार करा आणि चालू लागा.

लीला, आधी इकडं ये. बॅग ओढ पलंगाखालची. शुक्रवारी तू जाणार आहेस. अमृतला मी बघतो, तू मला फक्त सगळं एकदा दाखव, हिंग किती, ओवा किती. हे? हे कुणी नाहीत, हे चाललेच आहेत. जा की हो. आणि दार हळू लावा, आत्ताच निजलाय तो.